बावीसचा कौल

हवालदारानं रायफल उचलली आणि सरळ डाव्या खांद्याला लावली.

गाल दस्त्यावर टेकला, डावा डोळा नेमाच्या मक्षीवर गेला, श्वास थांबला. नळीचं टोक भिंतीवरच्या कॅलेंडराकडे वळलं आणि गणपतीला वगळून त्याच्या उंदरावर स्थिर झालं.

"ही कितीची म्हनायची?"

"तीनशे पंधरा," मी म्हणालो.

"डुकराला?"

"खांदा फोडून पार जाते. मागं दुसरं डुक्कर उभं असलं तर त्यालाही निरोप पोचतो."

तो हसला नाही. माझ्या विनोदाला गिऱ्हाईक हसलं नाही की ते गिऱ्हाईक मी मनात वेगळ्या रकान्यात टाकायचो. त्या वेळी मी कोल्हापुरात नजमुद्दीन शेठच्या बंदुकीच्या दुकानात कारकून होतो. जंगली जनावरांचा कायदा अजून यायचा होता आणि डोंगरातल्या शेतकऱ्याला पीक राखायला बंदुकीचा परवाना मिळे. मला स्वतःला बंदुकीचा षोक नव्हता. मला माणसांचा होता. पहिली बंदूक घ्यायला आलेला माणूस काय बोलतो, यावरून तो काय मारणार हे मी सांगू शकायचो. मिशीला पीळ देत येणारा सगळ्यांत मोठी मागायचा आणि त्याच्या हातून पुढं कोंबडीसुद्धा मरायची नाही. नुसता पाऊसपाण्याचा विषय काढत बसणारा निघताना हळूच दोन पेट्या काडतुसं जास्त घेऊन जायचा. जमा कोण आणि नावे कोण, हे मला चहा येईपर्यंत कळायचं.

हवालदाराचं मात्र कळेना. पलटणीतून पेन्शनीत आलेला, साठीचा, काटक, पांढरी मिशी कातरलेली. अंगात इस्त्रीचा सदरा आणि डोकं उघडं. त्या काळी त्या वयाचा माणूस उघड्या डोक्यानं कोल्हापुरात आला, म्हणजे एक तर घरात कुणी गेलंय किंवा टोपी एसटीत राहिलीय. काखेत कापडी पिशवी होती आणि पिशवीच्या तोंडातून अबोली रंगाच्या फेट्याचा शेव बाहेर आला होता. फेटा होता, पण डोक्यावर नव्हता.

आणि तो डावा खांदा. उजव्या हातानं जेवणारा माणूस रायफल डाव्या खांद्याला लावतो तेव्हा अवघडतो, मान वाकडी करतो, कोपर चुकतं. याचं काहीच चुकलं नाही. जणू वर्षभर रोज सकाळी काठी घेऊन हाच सराव केला होता.

त्याच्याबरोबर बाकावर एक बाई बसली होती. तिशीच्या आतबाहेरची. डोक्यावर पदर, कपाळ मोकळं, हात मांडीवर. ती रायफलीकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी काय बघतोय ते तिला बरोबर कळलं होतं.

"परवाना कुणाच्या नावावर आहे?" मी विचारलं. कागद समोर होता, पण विचारायची पद्धत.

"सूनबाईच्या," हवालदार म्हणाला. "हौसाबाई जोती रेडेकर, मुक्काम मोरदांडी, आजऱ्याच्या वर. माज्या उजव्या डोळ्यात फूल पडलंय. डाक्तरनं लिवून दिलं, डोळा बाद. ह्याच डोळ्यानं इटलीत..."

"मामंजी, इटली ऱ्हाऊ दे," बाई म्हणाली. मग मला, "आनि ती बारकी कितीची?"

"बावीस. ससा, तित्तर, साळिंदर. गोळी हरभऱ्याएवढी, आवाज वाळकी फांदी मोडावी तसा. पण बारकी म्हणून खेळणं समजायचं नाही. चुकलेली गोळी मैलभर जाते. मागं मातीचा बांध असल्याशिवाय चाप ओढायचा नाही."

"डुकराला चालती?"

"डुकराला राग येतो."

ती हसली. अगदी थोडं, पण हसली. "हीच द्या."

हवालदारानं तीनशे पंधरा टेबलावर ठेवली. आपटली नाही. हत्यार आपटणारा तो नव्हता. पण आवाज आपटल्यासारखाच निघाला.

"ससं मारायला परवाना काढलाय व्हय आपुन?"

"भुईमूग साळिंदरानं उकरून खाल्ला. भाताला उंदीर न् घुशी. ससं कोवळा वाटाणा खात्यात. पिकाचं कोन खातंय ते बघून हत्यार घ्यायचं का न्हाई?"

"आनि त्यो?"

'तो' म्हटल्यावर दुकानातला वाराच बदलला. शेठ गादीवरून उठून पुढं आले. गिऱ्हाइकाचं दुखणं त्यांना लांबून वास यावा तसं कळे.

"तो कोण, हवालदारसाब?"

"तुटक्या सुळ्याचा," हवालदार म्हणाला. "एकटाच हिंडतो. गेल्या सुगीला भातात शिरला. माजा जोती भाला घेऊन आडवा गेला. मांडी फाडली पोराची, पार हितपासनं हितपत्तूर. गाडीत घालून खाली आणताना वाटंतच..." त्यानं पिशवीतला फेटा जरासा आत ढकलला. "त्यो पडल्याबिगर ह्यो डोक्याला लागायचा न्हाई. रवळनाथाम्होरं बोललोय."

शेठ हळहळले, मग दुकानदारासारखे बोलले. "मग भांडता कशाला? दोघांच्या मधलं घ्या. बाराबोर घ्या. छर्रा घातला तर ससा, गोळा घातला तर डुक्कर."

"मधलं न्हाई," सासरा आणि सून एकाच दमात म्हणाले. तेवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत होतं.

शेवटी हवालदारानंच तोड काढली. "रवळनाथ सांगंल. कौल लावू. तीनी जातीची एकेक रिकामी पुंगळी द्या."

आजवर गिऱ्हाइकांनी हप्ता मागितला होता, पट्टा फुकट मागितला होता. काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्या देवासाठी कुणी मागितल्या नव्हत्या. ती दोघं पायऱ्या उतरल्यावर शेठ माझ्या कानाशी आले.

"तू पण जा. देव काय बोलतो ते ऐकून ये. तीनशे पंधरा बोलला तर चांगलंच. दुसरं काही बोलला तरी घ्यायचं आपल्याच दुकानातनं, एवढं देवाच्या कानावर घाल."

*

मोरदांडी म्हणजे घाटमाथ्यावरची चाळीसेक घरं. खाली भाताची खाचरं, वर करवंदीची जाळी, त्याच्या वर ऐनाकिंजळाचं दाट रान. घनसाळ भात फुलोऱ्यात आलं होतं आणि एसटीतून उतरल्याबरोबर त्याचा वास नाकात भरला. मी पुंगळ्या खिशात खुळखुळवत देवळात गेलो.

रवळू गुरव म्हणजे हडकुळा, बेरका माणूस. मला बघताच म्हणाला, "या दुकानवालं. आजवर ह्या देवाला लग्नं इचारली, हिरी इचारल्या, हरवलेली म्हसरं इचारली. काडतुसं पयल्यांदाच. देव म्हनंल, गुरवा, ह्याचं मला शिक्षान न्हाई."

रवळनाथाची मूर्ती काळ्या दगडाची, पुरुषभर उंच. हातात तलवार, चांदीचे डोळे. कौलाची रीत मला तिथंच कळली. गुरव फुलाच्या पाकळ्या ओल्या करून मूर्तीच्या अंगावर लावतो, मागणारा गाऱ्हाणं घालतो, आणि पाकळी पडेपर्यंत सगळे बसून राहतात. पडेल ते उत्तर. त्या दिवशी तीन विड्यांवर तीन पुंगळ्या मांडल्या. तीनशे पंधराची पाकळी देवाच्या उजव्या खांद्यावर, बाराबोरची डाव्या खांद्यावर, बावीसची छातीवर. जी आधी सुटेल ते हत्यार.

दहा-पंधरा माणसं जमली होती. त्यांच्यात दोन पक्षही झाले होते. म्हातारे हवालदाराच्या बाजूचे, बायका हौसाच्या.

"गाऱ्हाणं कोन घालनार?" गुरवानं विचारलं. हवालदाराकडेच बघून विचारलं.

हवालदारानं छाती पुढं काढली, आणि मग पलटणीचा कायदा आडवा आला. "परवाना जिच्या नावचा, तिनं घालायचं. सरकारनं हत्यार तिला दिलंय. हुकूम म्हंजी हुकूम."

हौसा पुढं झाली. पदर गळ्याशी घेतला, हात जोडले. "मी मनातला कौल मागते."

"मनातला कशापायी?" हवालदार म्हणाला.

"मनातला चालतोय," गुरव म्हणाला. "देव काय कानानं ऐकतोय व्हय?"

"मागू दे मग. इचारायचं काय, एकच तर हाय."

तिनं डोळे मिटले. ओठ हलले नाहीत. मी माणसांचे ओठ वाचण्यात पटाईत होतो, पण तिथं वाचायला काही नव्हतंच. मग ती मागं सरून खांबाशी बसली.

आणि आम्ही वाट बघू लागलो.

शहरात वाट बघणं म्हणजे दर घटकेला कुणीतरी उठून बाहेर बघून येतं. तिथं कुणी हललं नाही. समईची वात एकदा तडतडली. बाहेर एक म्हैस खांबाला अंग घासत होती. मी आधी पाकळ्यांकडे हिशेबी नजरेनं बघितलं. उजवा खांदा उतरता, तिथली पाकळी कधीची सुटायला हवी. छातीवरची खोलगटात बसलीय, ती सर्वांत शेवटी. सौदा तीनशे पंधराचा, असं मी मनात मांडून टाकलं. मग हळूहळू ते हिशेब बाजूला राहिले आणि मी नुसता बघत बसलो. त्या काळ्या छातीवर ती एवढीशी लाल पाकळी आणि तिच्यावर खिळलेले सगळ्यांचे डोळे. एका जाळीतल्या डुकरासाठी एवढी माणसं श्वास धरून बसलीत, असं वाटलं. मग वाटलं, नाही, डुकरासाठी नाही. पण मग कशासाठी, ते सुचेना.

छातीवरची पाकळी सुटली.

ती सुटताना कुणी हललं नव्हतं, वारा नव्हता. ती सरळ खाली आली, देवाच्या पावलावर एकदा टेकली आणि तिथंच राहिली. उजव्या खांद्यावरची जागच्या जागी.

म्हाताऱ्यांच्या बाजूनं कुणीतरी "आं?" केलं. गुरवाचा हात ताम्हनात तसाच राहिला होता आणि तोंडाचा रंग उतरला होता. हवालदार सावकाश उठला. मला वाटलं, आता भांडतो. तो देवासमोर ताठ उभा राहिला, टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला.

"हुकूम," म्हणाला, आणि मागं न बघता देवळाबाहेर गेला.

परतीच्या एसटीत मी हौसाला मनातल्या मनात पुरे मार्क दिले. बाईनं गुरवाला आधीच वळवून ठेवला होता, हे उघड होतं. नाहीतर पाकळी एवढी शहाणी कशी?

*

रायफल शेठच्याच दुकानातून गेली. आमच्याकडे एक चाल होती. पहिलंच हत्यार घेणाऱ्याला दुकानाचा माणूस त्याच्या शिवारात जाऊन नेम बसवून द्यायचा. म्हणून भात पिवळं पडायला लागलं तेव्हा मी पुन्हा मोरदांडीला गेलो, रेडेकरांच्या ओसरीवर मुक्काम केला, आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही तिघं खाचरात उतरलो.

धुकं इतकं होतं की खाचराच्या पलीकडचा बांध दिसेना. त्या बांधावर हौसानं आदल्या दिवशीच एक दुध्या भोपळा ठेवला होता. बांधाच्या मागं मातीचा उंच कडा. चुकलेली गोळी तिथंच रुतावी म्हणून जागा तिनं निवडली होती. मी दुकानात सांगितलं ते तिनं एका कानानं ऐकलं नव्हतं.

"धुकं विरेपर्यंत बसू," मी म्हणालो.

बसलो. अलीकडच्या बांधावर हौसा रायफल मांडीवर घेऊन, हवालदार तिच्या डावीकडे, मी मागं. हवालदाराची पिशवी त्याच्या काखेतच.

"दुकानवालं," हवालदार म्हणाला, "तुमी कदी डुक्कर बघितलंय?"

"गावात बघतो की, गटारीत."

"त्ये डुक्कर न्हवं."

"मग नाही बघितलं."

"आनि गोळ्या इकताय."

"हवालदार, मिठाईवाल्याला मधुमेह असला तरी जिलेबी विकतोच की."

हौसाला हसू फुटलं. तिनं ते पदरात दाबलं, आणि त्याच वेळी तिचा हात थांबला.

भातात काहीतरी हललं होतं.

आधी फक्त लोंब्या. एका जागी लोंब्या खाली जात होत्या आणि वर येत होत्या, आणि ती जागा आमच्याकडे सरकत होती. मग आवाज आला. कचाकच दाणे चावायचा, ओला, निवांत आवाज. कुणाची भीती नसलेला माणूस पंगतीत जेवतो तसा. मग लोंब्या दोन्हीकडे वाकल्या आणि तो मधल्या बांधावर चढला.

मी आयुष्यात काडतुसांच्या किती पेट्या विकल्या होत्या, ते सांगत नाही. खांदा कुठं, काळीज कुठं, गोळी कुठून घालायची, हे मी गिऱ्हाइकाला टेबलावर बोटानं आखून दाखवायचो. त्या सकाळी मला कळलं की मी टेबलाच्या लाकडाविषयी बोलत होतो.

तो माझ्या कमरेला लागेल एवढा उंच होता. पाठीवर मानेपासून मागंपर्यंत राठ केसांची आयाळ, तिच्यावर दव, आणि अंगातून वाफ निघत होती. पुढचं अंग म्हणजे नुसता खांदाच. मागचं उगीच जोडल्यासारखं. एक सुळा वर वळलेला, पिवळट. दुसरा अर्ध्यात तुटलेला. तो आमच्याकडे बघत नव्हता. तो उभा होता, एवढंच. आणि तो उभा राहिल्यावर ते खाचर, तो बांध, ते धुकं सगळं त्याचं झालं होतं. आम्ही परवाना घेऊन आलेले पाहुणे.

पळावं असं वाटलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. बघतच राहावं असं वाटलं.

हवालदाराला नीट दिसत नव्हतं, पण त्याला ऐकू आलं होतं. नाकपुड्या फुलल्या. अगदी हलक्या आवाजात तो म्हणाला, "आन हिकडं."

आणि हौसानं रायफल त्याच्या हातात दिली.

तिनं नुसती दिली नाही. बोल्ट ओढून, गोळी भरून दिली. मग उठली. पळायला नव्हे. त्याच्या शेजारी बांधावर उभी राहिली, हात मोकळे सोडून.

"मारा, मामंजी. मी हितंच हाय."

हवालदारही उठला आणि दस्ता डाव्या खांद्याला लागला. गाल टेकला. दुकानात बघितलं होतं तसंच, तसूभर इकडेतिकडे नाही. बोट चापावर गेलं.

डुकरानं मान वळवली. बारीक डोळे, तांबूस. तो आता आम्हाला बघत होता.

हरभऱ्याएवढी गोळी. कानामागं लागली तर लागली. जरा हुकली तर तो एवढा डोंगर जखमी होऊन सरळ पुढं येणार, आणि पुढं हौसा उभी. हे मला कळत होतं तर इटलीत लढलेल्या माणसाला कळत नव्हतं थोडंच? त्याचा डावा डोळा धुक्यात कान शोधत होता. कान दिसत नव्हता. मला दिसत होतं की त्याच्या कपाळावर, थंडीच्या त्या पहाटे, घाम फुटलाय.

"बावीस," तो पुटपुटला. शिवी दिल्यासारखा, आणि प्रार्थना केल्यासारखाही.

चापावरचं बोट सुटलं. नळी हळूहळू खाली आली, पार जमिनीपर्यंत.

डुकरानं एक फुरका सोडला. वाफेचा लोट उठला. मग त्यानं तोंड फिरवलं आणि बांध उतरून भातात गेला. धावला नाही. लोंब्या वाकत गेल्या आणि त्याच्या मागं पुन्हा उभ्या राहत गेल्या. रानाच्या कडेला करवंदीच्या जाळ्या हलल्या, आणि मग काही नाही.

हौसानं रायफल त्याच्या हातातून घेतली, गोळी बाहेर काढली, ओंजळीत धरली. हवालदार बांधावरच खाली बसला, पाय पुढं टाकून, लहान पोरासारखा.

"तीनशे पंधरा असती तर," तो म्हणाला.

"असती तर तुमी एकलंच आला असता," हौसा म्हणाली. "मला न उठवता. वर्षभर परसात काठी घेऊन डाव्या खांद्यानं काय करत हुता, मला दिसत न्हवतं व्हय? परवाना माजा आनि ध्यान तुमचं."

हवालदार बोटानं बांधावरची माती उकरत राहिला.

"एका डोळ्यानं त्याच्यामागं जाळीत शिरला असता. मग मी पुन्यांदा गाडी जुपायची. पुन्यांदा वाटंत..." तिनं पुढचं गिळलं. "ह्या घरात आता किती मानसं ऱ्हायली, मामंजी? बघा की मोजून."

हवालदारानं मान वर केली. "देवाला काय इचारलंस तू? डुक्कर कशानं पडंल, त्येच ना?"

"त्ये तुमी रोज इचारत हुता. मी कशाला परत इचारू?"

"मग?"

"मी म्हनलं, देवा, ह्या तिनातलं कुठलं घरात ठिवलं तर म्हातारा मला शेजारी घेतल्याबिगर बाहीर जानार न्हाई, तेवढं सांग."

धुकं विरायला लागलं होतं. पलीकडच्या बांधावर भोपळा जसाच्या तसा होता. हवालदार त्याच्याकडे बघत राहिला, आणि कोरड्या आवाजात म्हणाला, "उठा दुकानवालं. नेम बसवायला आलाय न्हवं? बसवा की. ती उजवा डोळा लई मिटून घेती, रायफल आल्यापासनं सांगतोय."

हौसाची पहिली गोळी मातीत गेली. दुसरी भोपळ्याच्या देठाला चाटून. मग हवालदार तिच्यामागं गुडघ्यावर बसला, तिचं कोपर खाली दाबलं, "श्वास अर्धा सोड, अर्धा ठेव" म्हणाला. तिसऱ्या गोळीनं भोपळ्याला बरोबर मधोमध भोक पडलं.

"आं," तो म्हणाला. "आता भाजी कर त्येची."

*

दुपारच्या एसटीची वाट बघत मी देवळापाशी बसलो होतो. रवळू गुरव शेजारी येऊन टेकला. मी त्याला डोळा घातला.

"गुरवबा, पाकळी मात्र झकास बसवली होती. बाईनं काय दिलं होतं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला.

"बाईनं? बाई आलीच न्हाई माज्याकडं. आदल्या दिवशी हवालदार आला हुता. मिलट्रीची रम घेऊन. म्हनला, रवळू, मोठ्या बंदुकीची पाकळी अलगद लाव, अन् बारकीची घट्ट." त्यानं दोन्ही हात कानाला लावले. "मी लावली. मोठीची नुसती पान्यानं, उतरत्या खांद्यावर. फुकर मारली तर उडावी अशी. अन् बारकीच्या पाठीला चांगलं दाट उगाळलेलं गंध लावून चिकटवली. आवसंपत्तूर हलायची न्हवती ती."

"मग?"

"मग काय मग? तुमी बघितलंच की." तो मूर्तीकडे बघायला मागं वळला, आणि पुन्हा मान खाली घातली. "रम मी अजून उघडली न्हाई. भ्या वाटतंय."

एसटी आली. मी बसलो. सबंध घाटभर मी ती गोष्ट मांडत होतो. गंध वाळलं असेल. समईची ऊब लागली असेल. दगडाला घाम सुटला असेल. प्रत्येक कारण वेगवेगळं धरलं तर पटत होतं. पण बेरीज करायला गेलो की डोळ्यांसमोर ती पाकळी सरळ खाली येई, आणि नळी हळूहळू खाली येई, आणि या दोन गोष्टी मला एकमेकींपासून वेगळ्या काढता येईनात. अजूनही येत नाहीत.

दुकानात शेठनी विचारलं, "डुक्कर पाहिलं?"

"पाहिलं."

"कसं होतं?"

मी टेबलावर बोट ठेवलं. गिऱ्हाइकाला दाखवायचो तसा खांदा आखायला गेलो, आणि बोट उचलून घेतलं.

पुढच्या सुगीला आंबोलीच्या रस्त्यानं जाताना मी मोरदांडीच्या फाट्यापाशी एसटीच्या खिडकीतून वाकून बघितलं. रेडेकरांच्या खाचरात भात डोलत होतं. मधोमध एक बुजगावणं उभं होतं. जुना खाकी सदरा, दोन्ही हात पसरलेले, आणि डोक्याला अबोली रंगाचा फेटा. तोही उगीच गुंडाळलेला नव्हे. पलटणीत बांधतात तसा, एकेक पेच ओढून, तुरा ताठ काढून.

बांधावर हौसा बसली होती, बावीस मांडीवर आडवी. तिच्या शेजारी हवालदार कपातला चहा बशीत ओतून पीत होता.

त्याचं डोकं उघडंच होतं. माणूस शब्दाचा पक्का.